रेशन आणि पेन्शनमध्ये आत्याचं जेवण कसं बसवू?

माणदेशी_पाव्हणा:
आत्या दहिवडीजवळ एकटी राहते, वय ७४. रेशनवर महिन्याला ५ किलो गहू-तांदूळ फुकट मिळतात आणि श्रावणबाळचे १५०० रुपये. त्यातले औषधाला किती जातात ते विचारू नका. शुगर आहे, दाढा एकही नाही. सकाळी चहा-बटर, दुपारी आमटी-भात, रात्री तोच भात. मी पुण्यात. जास्तीचे पैसे पाठवले की नातवंडांना वाटून मोकळी होते. तिचं तिला जमेल असं काहीतरी सुचवा.

कोरेगावकर:
आधी अंत्योदय कार्डाचं बघा. ३५ किलो मिळतं.

हुलगेवाली:
दादा, एकट्या बाईनं ३५ किलोचं करायचं काय? ५ किलो म्हणजे दिवसाला दीडशे ग्रॅमच्या वर धान्य झालं, तिच्या वयाला पुष्कळ. अडलंय ते डाळीवर. ती 'आमटी' म्हणजे बहुतेक फोडणीचं पाणीच असणार. रोख पैसे डाळीला आणि भाजीला जाऊ देत.
हुलगे भाजून गिरणीतून दळून आणायला सांगा. लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन पाणी उकळायचं, गार पाण्यात कालवलेलं पीठ त्यात ढवळत सोडायचं, झालं माडगं. चावायचं कामच नाही. गुळाचं मात्र नको. दारात शेवगा असेल तर पाला बारीक चिरून त्यातच शिजवायचा. किडनीचं दुखणं असेल तर डाळी वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मिरजवाली:
सगळ्या गव्हाचं पीठच कशाला? थोडे भरडून घ्या. दोन वाट्या भरड्याला एक वाटी मूगडाळ, वर दोन चमचे शेंगदाण्याचं कूट, मऊ खिचडी होते. शुगरला नुसत्या भातापेक्षा बरी. आणि ते बटर बंद करा हो, मैदाच तो.

कोरेगावकर:
बरं, कार्डाचं राहू दे. पण तांदळात वेगळे, पिवळट दाणे दिसतात का? आमच्याकडं म्हाताऱ्या 'प्लास्टिकचे' म्हणून वेचून टाकतात. ते तांदळाच्याच पिठाचे असतात. लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालून केलेले. शंभरात एखादा दाणा. खाऊ दे.

माणदेशी_पाव्हणा:
अगदी वेचते! कोंबड्यांना टाकते. आणि त्या कोंबड्यांची अंडी गल्लीतल्या पोरांना. ताई, भरडा टिकतो किती?

मिरजवाली:
पंधरा दिवसांपुरताच काढा, पावसाळ्यात त्याहून कमी. गहू आधी भाजून घेतले तर बरं. आणि अंडी उकडून खिचडीत कुस्करायची. पोरांना द्यायच्या आधी दोन-चार तिच्यासाठी बाजूला निघाली पाहिजेत, फोनवर भांडावं लागलं तरी.