मायग्रेशनला क्रमांक बरा की टाइमस्टॅम्प?

अर्धविराम: आम्ही पाच जण एकाच जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) प्रोजेक्टवर काम करतो. परवा मी माझ्या ब्रांचवर (कोडच्या माझ्या वेगळ्या शाखेवर) ००१२ क्रमांकाचं मायग्रेशन, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणारी फाइल, केलं, सहकाऱ्यानं त्याच्या ब्रांचवर त्याचं ००१२. दोघांचाही आधार ००११. फायलींची नावं वेगळी, म्हणून कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटला काहीच खटकलं नाही, मर्ज (दोन्ही ब्रांच एकत्र करणं) गुपचूप झालं. मायग्रेट कमांड चालवल्यावर मात्र ००११ पुढे दोन टोकं दिसून गाडी अडली. क्रमांक देण्याची ही पद्धतच कालबाह्य आहे असं माझं मत. रेल्स या रुबीच्या फ्रेमवर्कनं २००८ मध्येच २.१ आवृत्तीत क्रमांक सोडून टाइमस्टॅम्प (फाइल बनवल्याची तारीख-वेळ) घेतले.

जुनाखांब: साफ चूक. टाइमस्टॅम्पनं भांडण मिटत नाही, ऐकू यायचं बंद होतं. रेल्सवर असताना माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. मी सोमवारी 'नाव' कॉलमवर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) टाकणारं मायग्रेशन लिहिलं आणि ब्रांच लोळत ठेवली. मंगळवारी दुसऱ्यानं त्याच कॉलमचं 'पूर्ण_नाव' केलं आणि ते लगेच प्रॉडक्शनवर (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर) गेलं. शुक्रवारी माझं मर्ज झालं. टेस्टमध्ये कोऱ्या डेटाबेसवर आधी सोमवारचं चाललं, मग मंगळवारचं, सगळं हिरवंगार. प्रॉडक्शनवर मंगळवारचं आधीच होऊन गेलेलं, त्यामुळे माझ्या इंडेक्सला 'नाव' सापडेचना. डिप्लॉय आडवा! तुमचा जँगो निदान मर्ज झाल्या झाल्या बोंब मारतो.

अर्धविराम: असं वर्षातून एकदा होत असेल. त्यासाठी रोज कटकट का सोसायची? आणि मेकमायग्रेशन्सला मर्जचा पर्याय दिला की दोन्हींना जोडणारं रिकामं मायग्रेशन तयार होतं, मिनिटाचं काम.

रात्रपाळी: मिनिटाचं काम म्हणूनच लोक डोळे झाकून करतात. जँगोला फक्त दोन टोकं दिसतात. दोन्ही बदल एकमेकांशी पटतात का, हे माणसानंच वाचायचं. माझा रिवाज वेगळा: मागून येणाऱ्यानं रीबेस करायचं (आपले बदल ताज्या मुख्य कोडवर पुन्हा बसवायचे), आपलं मायग्रेशन उडवून नव्यानं बनवायचं. पण उडवण्याआधी लोकल डेटाबेस ००११ वर मागे न्या. हे विसरलात तर कॉलम टेबलात तसाच राहतो आणि नवं मायग्रेशन 'हा आधीच आहे' म्हणून आपटतं. मी स्वतः दोनदा आपटलोय. हातानं लिहिलेलं डेटा मायग्रेशन (रचना नाही, आतला डेटा बदलणारं) असेल तर उडवू नका, फाइलचं नाव आणि डिपेन्डन्सी (आधी कोणतं मायग्रेशन हवं ती नोंद) तेवढी बदला.

जुनाखांब: सहमत, फक्त मर्ज न झालेल्या मायग्रेशनपुरतं. प्रॉडक्शनवर गेलेल्या फायलीला हात लावायचा नाही. फ्लायवे हे मायग्रेशनचं टूल तर फायलीचा चेकसम (मजकुरावरून काढलेला आकडा) जुळला नाही की थांबतंच. शिवाय उशिरा आलेलं जुन्या क्रमांकाचं मायग्रेशन चालवायची मुभा तिथं मुळात बंद असते, सेटिंगमधून मुद्दाम चालू करावी लागते. ते मला आवडतं.

चष्मा_पुसून: इतका वाद कशाला? प्रत्येक ॲपमध्ये शेवटच्या मायग्रेशनचं नाव असलेली एका ओळीची फाइल ठेवा. दोघांनी तीच ओळ बदलली की गिटच मर्ज अडवतं. जँगो-लिनिअर-मायग्रेशन्स हे पॅकेज नेमकं हेच करतं.

अर्धविराम: म्हणजे कॉन्फ्लिक्ट टाळायला कॉन्फ्लिक्ट मुद्दाम घडवायचा? पटत नाही, पण लावून बघतो. रीबेस शेवटी माझ्याच गळ्यात पडणार, कारण माझ्याच ब्रांचेस आठ-आठ दिवस पडून असतात.