मदत हवी आहे : पोथीतले दोन हात (म्हणजे दोन लेखकांची अक्षरं) ओळखायला मशीन लर्निंग कसं वापरू?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. बाळीवेशीतल्या एका जुन्या वाड्यातली हस्तलिखित पोथी मालकांच्या परवानगीने मोबाइलवर टिपून घेतली आहे. काजळाची शाई, सुटी आडवी पानं, चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप. मध्येच अक्षराचं वळण बदलतं, त्यामुळे लेखक दोन असावेत असा माझा कयास आहे. पण बोरू नव्याने तासला तरी वळण बदलतं, हेही खरं.

मॉडेलने नुसतं ‘दोन हात’ असं सांगून माझं भागणार नाही. कशावरून, ते हवंय. 2021 मध्ये डीपमाइंड (गूगलची एआय कंपनी) आणि ऑक्सफर्डच्या गणितज्ञांनी गणितातल्या गाठींच्या (knots) भूमितीवर काम केलं. गाठीच्या भौमितिक मापांवरून तिची ‘सिग्नेचर’ ही संख्या ओळखायला मॉडेलला शिकवलं, मग कोणती मापं खरोखर कामी येतात ते तपासलं आणि त्या धाग्यावरून नवं प्रमेय माणसांनी सिद्ध केलं. मला तसंच काहीतरी पोथीसाठी करायचंय: शिरोरेषेचा कल, ओळींमधलं अंतर, काना किती खाली उतरतो, समासाची रुंदी.

ही मापं फोटोतून कशी काढावीत? ट्रान्सक्रिबस हे हस्तलिखितं वाचायचं सॉफ्टवेअर ओळी वेगळ्या करतं, पण जुन्या देवनागरीवर कुणी वापरलंय का? पानं थोडीच आहेत, तेव्हा डीप लर्निंगपेक्षा साधं क्लस्टरिंग (मापांवरून सारख्या पानांचे गट पाडणं) बरं, असं मला वाटतं. पायथन जेमतेम येतं. आणि हो, वाड्यात उजेड कमी, त्यामुळे काही फोटो तिरके आलेत. ते आधी सरळ करावे लागतील ना?