जिनिंगमधले पोट्टे टिकत नाहीत, काय करू?

वणीकडं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, सांभाळतो. यंदा फिटरचा पगार वाढवला तरी दोघं संक्रांतीआधीच सोडून गेले, ऐन कापसाच्या सीझनमध्ये. अजून काय द्यायचं बाप्पा?

उत्तर: हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५९ मध्येच मांडलं होतं, पगार कमी पडला तर माणूस नाराज होते पण नुसता वाढवल्यानं कामात जीव लागत नाही, त्याले जबाबदारी, शाबासकी अन् नवं शिकायलाही पाहिजे.

उत्तर: मी फिटरच होतो भाऊ. पगार बरा होता. पण बेअरिंग तापलं, मशीन थांबवा म्हटलं तर कोणी ऐकेच ना, अन् कापसाले आग लागली की शिव्या आमाले. म्हणून सोडलं.

प्रश्नकर्ता: त्या दोघाइले मी कधी विचारलंच नाही राजेहो. उद्याच फोन लावतो.