‘दगडी पूल सरसकट पाडा’ म्हणणाऱ्यांनो, एकदा पुलाखाली उतरा

घोडबंदरवाला: “गावाकडचे इंग्रजांच्या काळातले दगडी पूल सरसकट पाडा, सावित्री विसरलात का?” ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. २ ऑगस्ट २०१६ ची ती रात्र कोण विसरेल? महाडचा सावित्री नदीवरचा पूल १९२८ चा होता, पुरात कोसळला, दोन एसट्या गेल्या. पण नदी कशी फुगली होती तेही आठवा. दगडी कमान वरच्या ओझ्याने सहसा जात नाही, जाते ती पायाखालून. पुराचं पाणी खांबाच्या बुडाशी भोवरे करतं, माती-वाळू खरवडून नेतं. त्यात आपण वाळू उपसतो, सांध्यांत पिंपळ पोसतो आणि चुन्याच्या दरजांवर सिमेंट लिंपतो. मग आत पाणी कोंडतं आणि दगडच झिजायला लागतो. मुरबाडकडे आमच्या गावच्या ओढ्यावर तीन कमानींचा पूल आहे. पिंपळ काढा म्हणून तीन अर्ज दिले. तिन्ही वेळा माणसं आली आणि कठडा रंगवून गेली!

ऐरोलीकर: पोस्ट माझीच. माझा मामेभाऊ त्या रात्री त्याच रस्त्याने येत होता, चहाला थांबला म्हणून वाचला. तुम्ही बसा पिंपळ मोजत. इंग्लंडहून ‘पुलाची मुदत संपली’ म्हणून पत्र येतं, तेही आपल्याकडे कोणी वाचत नाही.

कळव्याची काकू: आलं बाई ते पत्र! दर पावसाळ्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर येतं. कुठल्या पुलाचं, कुणी पाहिलंय?

निवृत्त ओव्हरसियर: ३१ वर्षांच्या नोकरीत मी तरी असलं पत्र पाहिलं नाही.

ऐरोलीकर: फायलींखाली दबलं असेल. तुमच्याकडे दुसरं काय होतं?

निवृत्त ओव्हरसियर: तोंड सांभाळून बोला. छातीभर पाण्यात उभं राहून बांबूने खड्डे मोजलेत मी. तुम्ही खाडीपुलावरून खाली तरी बघता का?

नेरुळचा नाना: पत्रच हवं तर सांगा, प्रतापगडाखाली पार गावचा कोयनेवरचा पूल शिवकालीन मानतात, अजून वापरात आहे. त्याचं पत्र कुठून येणार, रायगडावरून?

कळव्याची काकू: 😂 नाना, टपालखर्च कोण देणार?

ऐरोलीकर: हसा. सावित्रीवर नवा पूल जून २०१७ मध्ये सुरूही झाला, वर्षाच्या आत. मनात आणलं की होतं.

घोडबंदरवाला: ते कबूल. मग तेच मनात आणून दर पावसाळ्यानंतर जुन्या पुलांचे पाये तपासा. जो खरोखर खचलाय तो पाडा, पहिली पहार मी आणतो. पण ‘सरसकट’ काढा.

ऐरोलीकर: काढला. तुमच्या पिंपळाला माझ्याकडून भेट. पण पुरात गाड्या अडवायच्या कधी, ते कोण ठरवणार?

निवृत्त ओव्हरसियर: खांबावर धोक्याच्या पातळीची खूण असते. यांच्या गावात तीही रंगवून टाकली असेल.

घोडबंदरवाला: आत्ताच चुलत्याला फोन केला. टाकलीय.