सांगलीच्या एम.एस्सी. लॅबमध्ये ट्रायफेनिलआर्सीन ठेवावं की नाही?

कृष्णाकाठ:
प्रोजेक्टला स्टिली कपलिंग (टिनवरचा गट पॅलेडियमच्या मदतीने दुसऱ्या कार्बनला जोडणारी अभिक्रिया) आलं की ट्रायफेनिलआर्सीनची मागणी येते. हे पॅलेडियमला धरून बसणारं आर्सेनिकचं संयुग, म्हणजे लिगंड; पुढे नुसतं ‘आर्सीन’ म्हणतो. माझं स्पष्ट मत, पदव्युत्तर लॅबमध्ये ही बाटली नको. हिशेब बघा. 1 मिलिमोल सब्स्ट्रेटला (ज्यावर अभिक्रिया करायची तो पदार्थ) 5 मोल टक्के पॅलेडियम, म्हणजे पॅलेडियम-डीबीए (पॅलेडियम ज्यातून येतं ते संयुग) 23 मिग्रॅ. पॅलेडियमच्या चौपट मोल आर्सीन म्हणजे 61 मिग्रॅ, आणि त्यात निव्वळ आर्सेनिक 15 मिग्रॅ. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 0.01 मिग्रॅ चालतं. एका फ्लास्कमधलं आर्सेनिक 1,500 लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवतं. आठ विद्यार्थी धरले तर 12,000 लिटर, म्हणजे उन्हाळ्यात जतकडे जाणारा एक भरलेला टँकर. आपल्या सिंकचं पाणी शेवटी कृष्णेलाच मिळतं. ट्राय-2-फ्युरिलफॉस्फीन हे फॉस्फरसचं लिगंड असताना हे कशाला?

मिरज_लिगंड:
सर, हिशेब बरोबर आहे, पण आर्सीन का वापरतात तेही मांडायला हवं. फरिना आणि कृष्णन यांनी 1991 मध्ये आयोडोबेंझिन आणि व्हिनाइलट्रायब्युटिलटिनवर वेग मोजले. ट्रायफेनिलफॉस्फीनचा वेग 1 धरला तर फ्युरिलफॉस्फीनचा 105 आणि ट्रायफेनिलआर्सीनचा 1,100. टिनवरचा गट पॅलेडियमवर येण्याआधी एका लिगंडने जागा सोडावी लागते. फॉस्फरस घट्ट धरून बसतो, आर्सेनिक सिग्मा-दाता (धातूला इलेक्ट्रॉन-जोडी देणारा) म्हणून दुबळा असल्याने पटकन सुटतो. 2-आयोडोइनोनसारखा नाजूक सब्स्ट्रेट रात्रभर 80 अंशांवर टिकत नाही. तिथे आर्सीन आणि कॉपर आयोडाइड घालून एनएमपी या सॉल्व्हेंटमध्ये काम होतं. शिवाय हवेत ते फॉस्फीनपेक्षा जास्त टिकतं.

कृष्णाकाठ:
त्याच मोजमापात फ्युरिलफॉस्फीन आणि आर्सीन दोघांचंही यील्ड 95 टक्क्यांच्या वर आहे, हे का सोडलंत? दहापट वेग उद्योगाला महत्त्वाचा, प्रोजेक्टला नाही. आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने फॉस्फीनचा फायदा मोठा. फॉस्फरस-31 एनएमआर (अणुकेंद्रांचे सिग्नल टिपणारी चाचणी) लावला की मोकळं लिगंड, पॅलेडियमला बांधलेलं आणि ऑक्साइड, तिन्ही वेगळी दिसतात. आर्सेनिक-75 चा स्पिन 3/2, क्वाड्रुपोलर, म्हणजे सिग्नल फार रुंद पसरतो. अशा लिगंडचा वापरण्याजोगा सिग्नलच मिळत नाही. फ्लास्कमध्ये काय चाललंय ते विद्यार्थ्याला कळणार कसं?

कोरेगावकर_टीएलसी:
दोघंही टिन विसरलात. 1.1 मिलिमोल ट्रायब्युटिलस्टॅनेन घातलं तर 130 मिग्रॅ टिन आलं, आर्सेनिकच्या जवळपास नऊपट, आणि ट्रायब्युटिलटिन पाण्यातल्या शंख-शिंपल्यांचा वैरी. नदीची काळजी असेल तर आधी विचारा, सब्स्ट्रेट बेस सोसतो का? सोसत असेल तर सुझुकी (टिनऐवजी बोरॉन आणि बेस वापरणारं कपलिंग) लावा, विषय संपला. सोसत नसेल तरच स्टिली.

आता आर्सीन वापरणाऱ्यांसाठी. पहिली चूक तापमानाची. लिगंड दुबळं म्हणजे पॅलेडियमही मोकळं सुटतं. जास्त तापवलं, किंवा द्रावण नीट डीगॅस केलं नसलं (त्यातली हवा काढली नसली), की काचेला काळा आरसा धरतो. तो दिसला की अजून आर्सीन ओतून उपयोग नाही, तो फ्लास्क गेला. दुसरी चूक जास्त गोंधळात टाकणारी. आर्सीनवरचा फेनिल पॅलेडियमवर सरकू शकतो. अरिल ट्रायफ्लेट (आयोडाइडच्या जागी वापरता येणारा सब्स्ट्रेट) आर्सीनबरोबर डीएमएफ या सॉल्व्हेंटमध्ये शंभर अंशांच्या वर तासन्‌तास तापवला तर हीच अदलाबदल होऊन नवी अरिलआर्सीन मिळतात. ती पद्धत म्हणून वापरलीही जाते. कपलिंगमध्ये मात्र ती नको असलेली फेनिलची भेसळ ठरते.

तिसरी चूक कॉलमवर, म्हणजे सिलिकाच्या नळीतून प्रॉडक्ट वेगळं करताना. ट्रायफेनिलआर्सीन पेट इथरमध्ये अगदी पुढे पळतं आणि यूव्हीखाली गडद दिसतं. प्रॉडक्ट साधं बायअरिल (दोन जोडलेली बेंझिनसारखी वलयं) असेल तर दोन्ही एकाच टेस्ट ट्यूबमध्ये येतात, प्रोटॉन एनएमआरमध्ये 7.3 जवळचा ढीग प्रॉडक्टचाच वाटतो आणि यील्ड 100 च्या वर जातं. प्रॉडक्टमध्ये एस्टर किंवा कीटोन असेल तर ही अडचण येत नाही. टिनसाठी संतृप्त पोटॅशियम फ्लोराइडबरोबर तासभर ढवळा, पांढरा टिन फ्लोराइड खाली बसला की सेलाइट या गाळण्याच्या पावडरीवरून गाळा, मगच कॉलम.

मिरज_लिगंड:
टिनचा मुद्दा मान्य, माझ्या मांडणीत तो आला नव्हता. पण मग बाटली हद्दपार कशाला, प्रमाण उतरवा. पॅलेडियम 1 मोल टक्का, आर्सीन 4. आर्सेनिक 15 वरून 3 मिग्रॅवर येतं, आणि आयोडाइड सब्स्ट्रेटला तेवढं बहुधा पुरतं.

कृष्णाकाठ:
3 मिग्रॅ म्हणजे तरीही 300 लिटर. आर्सेनिक मूलद्रव्य आहे, जाळलं तरी ऑक्साइड होऊन धुरात जातं, नाहीसं होत नाही. ठेवायचंच असेल तर माझ्या अटी अशा: वेगळी बाटली, त्यावर ‘आर्सेनिक’ असं मोठ्या अक्षरात, त्यात फक्त मदर लिकर (प्रॉडक्ट काढल्यावर उरलेलं द्रावण) नाही, कॉलमची सिलिका, टीएलसी प्लेट, सेलाइट आणि फ्लास्कची पहिली दोन धुणीही. हॅलोजन सॉल्व्हेंटच्या कॅनमध्ये एक थेंब नाही, नाहीतर अख्खा कॅन आर्सेनिकचा होतो. 2016 च्या घातक कचरा नियमांप्रमाणे साठवणीला 90 दिवस, नंतर मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याचा फॉर्म) भरून रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात. बाटली मागवण्याआधी या उचलणीचा खर्च प्रोजेक्टच्या बजेटमध्ये लिहिलेला दाखवा, मग मी सही करतो.

कोरेगावकर_टीएलसी:
त्यात वजनाची वहीही जोडा. बाटलीतून किती मिग्रॅ निघालं आणि कचऱ्याच्या बाटलीत किती आर्सेनिक जायला हवं, दोन रकाने.