अनुभव धागा: बड फाउलरच्या गावांतून

धागाकर्ता:
नायगारा करून परतताना सासू-सासऱ्यांना कूपर्सटाउनला नेलं, न्यूयॉर्क राज्यातलं बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचं गाव. वाट वाकडी केली म्हणून बायको कुरकुरत होती. तिथल्या डबलडे फील्ड या बेसबॉलच्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘फाउलर वे’ अशी पाटी. सासरे म्हणाले, "हा कोण बाबा?" मला सांगता येईना. घरी येऊन वाचलं. हा बड फाउलर, बेसबॉलपटू. खरं नाव जॉन जॅक्सन, जन्म १८५८, लहानपण याच गावात. १८७८पासून गोऱ्यांच्या व्यावसायिक संघांत खेळलेला पहिला काळा खेळाडू, पण आयुष्य मायनर लीगमध्येच, म्हणजे खालच्या दर्जाच्या साखळी स्पर्धांतच गेलं. तो जिथे जिथे खेळला तिथे कुणी राहतं का? बेसबॉल कुणी खेळलंय का? लिहा.

बर्फातला कोकणी:
मी स्टिलवॉटर, मिनेसोटात. १८८४ला इथला संघ पहिले १६ सामने ओळीने हरला. मग फाउलरने पिचिंग (चेंडूफेक) करून पहिला सामना जिंकून दिला. बक्षीस १० डॉलर आणि एक सूट! ऑगस्टपर्यंत संघच मोडला. पुढे तो किओककला गेला, तर तिथली लीगही बुडाली. मग टोपीका, बिंगहॅम्टन. आम्हा कंत्राटी आयटीवाल्यांना हे थोडंफार कळतं, पण आम्हाला रंग बघून काढत नाहीत.

सेकंडबेसवाली:
मी नागपूरला कॉलेजात बेसबॉल खेळले, फाउलरसारखीच सेकंड बेसला, म्हणजे दुसऱ्या तळावर. समोरची धावत आली आणि पाय पुढे करून घसरली. बुटाचे खिळे थेट माझ्या नडगीवर, सात टाके. तिचा हेतू नव्हता, नंतर रडत सॉरी म्हणायला आली. फाउलरच्या नडगीवर मात्र गोरे खेळाडू मुद्दाम पाय घालत. तो लाकडी फळ्या बांधून खेळायचा अशी आठवण त्या काळच्या एका खेळाडूने सांगितली आहे. लाकूड बांधून वाकायचं, वळायचं, फेकायचं! मला तर पट्टी बांधून जिना उतरता येत नव्हता.

बिंगहॅम्टनकर:
आमच्या गावाची मान खाली जाते ती १८८७मुळे. फाउलरची फलंदाजीची सरासरी .३५०, म्हणजे उत्तम, तरी संघातल्याच काही गोऱ्यांनी तो असेल तर आम्ही खेळणार नाही असं कळवलं. त्याला जावं लागलं. जुलैत संघ ज्या लीगमध्ये होता तिने काळ्यांचे नवे करार मंजूर करायचे नाहीत असं ठरवूनच टाकलं. इथल्या मॅचला हॉटडॉग खात बसलो की हे आठवतं.

बर्फातला कोकणी:
पुढे १८९४ला त्याने मिशिगनमध्ये काळ्यांचा संघच उभा केला, पेज फेन्स जायंट्स. पैसा तारेच्या कुंपणाच्या कंपनीचा. सामन्याआधी खेळाडू सायकलवरून गावात फेरी मारायचे, म्हणजे जाहिरात.

मोहॉकवाला:
न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रँकफर्टला त्याची कबर पाहिली. १९१३ला गेला, दगड बसला १९८७ला. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या यादीत, नाव आलं २०२२ला.

धागाकर्ता:
सगळं सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न, "मग हिवाळ्यात खायचा काय?"

मोहॉकवाला:
केस कापायचा, काका. बापाचाही तोच धंदा.