दुधीची कळी गळते ती खत कमी पडल्याने नव्हे

दुधीची बोटभर फळं पिवळी पडून गळतात ती खत कमी पडल्याने, असं म्हणतात. क्वचित असेलही. पण मुंबईत सहाव्या-सातव्या मजल्यावर बहुतेकदा परागीभवनच झालेलं नसतं. दोन वर्षं मी गांडूळखत ओतत बसलो, वेल नुसता ग्रिलभर माजला. मग रोज सकाळी चहा झाल्यावर ब्रश घेऊन हाताने परागीभवन सुरू केलं, तरी एक फळ धरेना. कारण साधं होतं. काकडी, कारलं, भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, दुधीचं पांढरं फूल मात्र संध्याकाळी. रात्रीच्या पतंगांसाठीची सोय ती! सकाळी माझ्या हाताला कोमेजलेलं फूल लागायचं. आता फेब्रुवारीपासून दिवेलागणीला नर फूल तोडून, पाकळ्या काढून, मागे इवलासा दुधी असलेल्या मादी फुलावर हलकेच फिरवतो. या मोसमात चार दुधी मिळाले, पैकी एक वाकडा.

टोमॅटोचं मात्र हसं झालं. जानेवारीत उशिरा रोपं लावली, फुलं आली मार्चमध्ये आणि सगळी झडली. रात्रीचं तापमान २२-२३ अंशांच्या वर राहिलं की टोमॅटोची फळधारणा मंदावते, आणि मार्चनंतर इथल्या रात्री कुठल्या गार व्हायला! पुढच्या खेपेला गणपती झाले की लगेच बी टाकणार.